आहाराचे बदलते दंडक आणि घरखर्चाचा हिशेब

आहाराविषयी शास्त्रज्ञ जे सांगतात ते दर दहा-पंधरा वर्षांनी बदलते, अशी तक्रार आता मध्यमवर्गीय घरांत सर्रास ऐकू येते. साजूक तूप एके काळी बलवर्धक मानले जाई. पुढे ते हृदयाचे वैरी ठरले. आता ‘बेताने खाल्ले तर चालेल’ असे सांगण्यात येते. अंड्यातील बलक अनेक वर्षे निषिद्ध होता. परंतु अन्नातील कोलेस्टेरॉलवर दररोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घालणारा दंडक अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेनेच २०१५ च्या आवृत्तीपासून सोडून दिला. ज्वारी-बाजरीची गणना शासनाच्या दप्तरात ‘भरड धान्यां’त होत असे, २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्यांचे नामकरण ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे केले आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांच्या नावे साजरे केले. भाकरी तीच, तिची प्रतिष्ठा मात्र बदलली.

या बदलांमुळे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहीजण प्रत्येक नव्या सल्ल्यामागे धावतात, तेल बदलतात, पीठ बदलतात आणि महिनाअखेरीस वाण्याचे बिल पाहून थबकतात. दुसरे म्हणतात, ‘शास्त्रज्ञांचेच आपापसात जमत नाही, तर आपण कशाला ऐका?’ दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. आहारशास्त्रात नेमके काय बदलले, का बदलले आणि काय बदललेले नाही, हे शांतपणे पाहिले तर असे दिसते की, सल्ल्याचा गाभा बराचसा स्थिर आहे. अडचण आहे ती तो सल्ला ताटात उतरविण्याची. आणि ही अडचण ज्ञानाची कमी, खर्चाची आणि धोरणाची अधिक आहे.

प्रश्न बदलला, म्हणून उत्तर बदलले

आपल्याकडील आहारसंशोधनाचा आरंभ १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांच्या छोट्या प्रयोगशाळेत झाला. तिचीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. कुन्नूरमध्येच १९३७ साली ॲक्रॉइड यांनी भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्या काळचा प्रश्न स्पष्ट होता : माणसे उपाशी आहेत, बेरीबेरीसारख्या कमतरतेच्या रोगांनी मरत आहेत, त्यांना किमान किती अन्न लागेल? उत्तर अर्थातच उष्मांकांत मोजले गेले.

साठीच्या दशकात जगभर प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी सुरू झाली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालच काढला. या मताला ज्यांनी आकडेवारीच्या आधारे विरोध केला, त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळलेल्या सुखात्म्यांचे म्हणणे असे की, धान्य आणि डाळ यांचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रौढ माणसाची प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातूनच भागते. खरी उणीव पोटभर जेवणाची आहे. १९७३ मध्ये जागतिक तज्ज्ञसमितीने प्रथिनांची शिफारस खाली आणली आणि पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या प्रथिन-प्रकरणाची ‘महाफजिती’ म्हणून संभावना झाली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर मजुरांनी सुकडी खाल्ली आणि रेशनवर लाल मिलो आणला, तो हाच काळ.

अर्थशास्त्राने हे उष्मांक उचलले आणि त्यांतून दारिद्र्याची रेषा आखली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० उष्मांक हा आधार घेतला. १९७९ च्या नियोजन मंडळाच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० ठरविले. पुढे याच मुद्द्यावर सुखात्मे आणि दांडेकर या दोन मराठी विद्वानांत गाजलेला वाद झाला : एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमी-जास्त होत असेल, तर सरासरीखाली खाणाऱ्या प्रत्येकास भुकेला म्हणावे काय? आहाराचा आकडा दिसतो तितका ठोस नसतो, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच ध्यानी आणून दिली होती.

त्यानंतर प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८९ मध्ये २,४२५ उष्मांक सांगितले होते. २०१० मध्ये ते २,३२० झाले आणि २०२० मध्ये २,११०. विशेष म्हणजे याच अवधीत प्रमाण मानलेल्या पुरुषाचे वजन ६० किलोंवरून ६५ किलोंवर नेण्यात आले. वजन वाढले तरी अन्न कमी झाले. कारण शरीर विश्रांतीत किती ऊर्जा खर्च करते याचा पूर्वीचा अंदाज चढा होता, असे मोजमापांतून आढळले. याच तक्त्यात जड शारीरिक काम करणाऱ्या पुरुषास २०२० मध्येही ३,४७० उष्मांक सांगितले आहेत. कारकून, शिक्षक आणि हमाल यांना एकच सल्ला लागू पडत नाही, हे त्या तक्त्यातच लिहिलेले आहे; ते वृत्तपत्रांतील मथळ्यांत उतरत नाही, इतकेच.

तेलाचे प्रकार अनेक, प्रमाण एक

सल्ला खरोखरच उलटला असे एक क्षेत्र आहे, ते तेला-तुपाचे. वनस्पती तूप, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘डालडा’, हे तुपाला स्वस्त पर्याय म्हणून घराघरांत शिरले. वनस्पतीपासून केलेले असल्याने ते निरुपद्रवी असेल, असा समज होता. १९९० मध्ये नेदरलंड्समधील संशोधकांनी दाखविले की, तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात. आपल्याकडे तेला-तुपांतील या मेदाम्लांवर १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्क्यांची आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. शोध आणि बंधन यांच्यामध्ये तीस वर्षे गेली.

दरम्यान सल्ले येतच होते. हृदयासाठी करडईचे तेल उत्तम, असे सांगितले गेले. मग सूर्यफूल आले. नंतर ‘रिफाइंड’ हाच गुण ठरला. पुढे या तेलांतील एका मेदाम्लाचा अतिरेक होतो, तेव्हा तेले आलटून-पालटून वापरा असे सांगण्यात आले. आता घाण्याचे तेल दुप्पट भावाने विकले जाते. गोडेतेल वापरणाऱ्या गृहिणीने गोंधळून जावे यात नवल नाही. परंतु राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दोन मार्गदर्शिका शेजारी ठेवून पाहाव्यात. २०११ च्या पुस्तिकेत बैठे काम करणाऱ्या पुरुषासाठी दिवसाला २५ ग्रॅम तेल-तूप आहे. २०२४ च्या पुस्तिकेतील दोन हजार उष्मांकांच्या ताटात ते २७ ग्रॅम आहे. कोणते तेल, याविषयी इतकी चर्चा झाली. किती तेल, याचे उत्तर जवळजवळ जागचे हललेले नाही. मात्र ‘कोणते’ या प्रश्नाभोवती बाजारपेठ उभी राहते. ‘किती’ या प्रश्नाची जाहिरात कोणी करीत नाही, कारण कमी तेल विकून कोणाचाही फायदा होत नसतो.

हीच तुलना पुढे नेली तर आणखी काय दिसते? दूध किंवा दही : दोन्ही ठिकाणी ३०० मिलिलिटर. फळे : दोन्ही ठिकाणी १०० ग्रॅम. पालेभाजी : दोन्ही ठिकाणी १०० ग्रॅम. मोठा बदल एकच आहे. धान्य ३७५ ग्रॅमवरून २५० वर आले आणि डाळी ७५ वरून ८५ वर गेल्या. मांसाहारी माणसाला या ८५ ग्रॅमांत अंडी, मासे, मांस धरता येते. पहिले ताट २,३२० उष्मांकांचे आणि दुसरे २,००० चे असल्याने तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य. तरी प्रमाण बोलके आहे. पूर्वी पाच भाग धान्याला एक भाग डाळ होती, आता तीन भागांना एक आहे. याशिवाय ३५ ग्रॅम तेलबिया व कठीण कवचाची फळे ताटात नव्याने आली. आपल्या घरांतील शेंगदाण्याचे कूट आणि तिळाची चटणी यांना मिळालेली ही अधिकृत मान्यताच म्हणावयाची. सारांश, पंचवीस वर्षांच्या गोंगाटाचा अर्थ एका वाक्यात मावतो : पोळी-भात थोडा कमी, उसळ-आमटी आणि भाजी अधिक.

ताटाची किंमत

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न : हे ताट कितीला पडते? चार माणसांच्या कुटुंबाला दोन हजार उष्मांकांचे ताट महिनाभर द्यावयाचे तर धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये १० किलोंहून थोडी अधिक, भाज्या ४८ किलो, फळे १२ किलो, दूध ३६ लिटर, शेंगदाणे-तीळ सव्वाचार किलोंच्या आसपास आणि तेल सव्वातीन किलो लागेल. भाव गावोगाव आणि ऋतुपरत्वे निराळे असतात. पण हिशेबापुरते धान्य ४०, डाळ १२०, भाजी ४०, फळे ६०, दूध ६०, शेंगदाणे १५० आणि तेल १५० रुपये धरू. प्राधान्य कुटुंबातील माणशी ५ किलो धान्य रेशनवर जानेवारी २०२३ पासून फुकट मिळते. म्हणजे २० किलो वजा करू. तरी बेरीज सुमारे साडेसात हजार रुपयांवर जाते, माणशी जवळजवळ १,९०० रुपये. यात चहा, साखर, मीठ-मसाला आणि गॅस धरलेला नाही.

२०२३-२४ च्या राष्ट्रीय उपभोगखर्च पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातील माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये होता आणि त्यातील ४७ टक्के अन्नावर, म्हणजे सुमारे १,९४० रुपये. सरासरी ग्रामीण माणसाचा जवळजवळ सारा अन्नखर्च या एका ताटात संपतो. सरासरीखाली असणाऱ्यांविषयी बोलावयासच नको. मार्गदर्शिका चुकीची आहे असा याचा अर्थ नाही. पण ‘लोकांना आहाराचे ज्ञान नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तथापि याच पाहणीत दुसरीही एक गोष्ट आहे. अन्नावरील खर्चात सर्वांत मोठा वाटा पेये, फराळाचे जिन्नस आणि तयार खाद्यपदार्थ यांचा आहे. एकूण खर्चाच्या ग्रामीण भागात सुमारे १० टक्के आणि शहरांत सुमारे ११ टक्के. दुधावरील खर्चदेखील त्याच्या खाली आहे. यात मजुराचा हॉटेलातील चहा आहे, बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याची खानावळ आहे, तसाच मुलांच्या डब्यातील बिस्किटाचा पुडाही आहे. ज्यांना सकाळी आठची लोकल पकडावयाची आहे, त्यांनी पुडा उघडला तर त्यांना दोष देता येत नाही. भाकरी थापण्याला आणि मटकीला मोड आणण्याला वेळ लागतो आणि तो वेळ बहुधा घरातील एकाच व्यक्तीचा असतो. तरीही नोकरदार कुटुंबाला फेरफार करण्याजोगी जागा आहे ती येथेच. पुड्याऐवजी फुटाणे-शेंगदाणे, फरसाणाऐवजी वाटीभर उसळ, हा बदल खर्च न वाढविता होऊ शकतो. मग भाकरीच्या जागी बाजारातले ‘मिलेट’चे बिस्कीट आणण्याची गरज पडत नाही.

एक चूल, अनेक गरजा

मार्गदर्शिका एका माणसाचे ताट मांडते. घरात मात्र स्वयंपाक सर्वांचा एकत्र होतो. वडिलांना मधुमेह, आजीला रक्तदाब, मुलगी वाढीच्या वयात. आणि भांडे एकच. सर्वांत मोठ्या आवाजात जो सल्ला येतो, तो बहुधा पोट सुटलेल्या कर्त्या पुरुषासाठीचा असतो. आणि तोच साऱ्या घराला लावला जातो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. याच पाहणीत राज्यातील २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश, तर २३.४ टक्के स्थूल होत्या. ‘कमी खा’ हा उपदेश यांतील एका गटाला औषध आणि दुसऱ्याला विष आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १,६६० उष्मांक पुरतात, म्हणजे पुरुषापेक्षा बरेच कमी. परंतु तिला लोह लागते २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९. कमी अन्नातून अधिक लोह मिळवावयाचे तर तिच्या वाट्याचे अन्न घरात सर्वांत कसदार असले पाहिजे. प्रत्यक्षात अनेक घरांत ती शेवटी जेवते आणि तळाशी उरलेली आमटी व कालची पोळी तिच्या पानात येते. कोणतीही मार्गदर्शिका न वाचता ही वाढण्याची रीत तेवढी बदलली, तर रक्तक्षयाविरुद्ध मोठे काम होईल. पालेभाजीवर लिंबू पिळणे आणि जेवणाच्या मागे-पुढे तासभर चहा टाळणे, म्हणजे अन्नातील लोह अंगी लागते, या सूचनेलाही फारसा पैसा लागत नाही.

शासनाचे स्वतःचे ताट

कुटुंबाने इतके करावे. परंतु शासनही कोट्यवधी ताटे वाढीत असते आणि त्या ताटांकडेही त्याच मार्गदर्शिकेच्या चष्म्यातून पाहिले पाहिजे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात गहू, तांदूळ आणि भरड धान्ये आहेत. डाळीचा हक्क नाही. धान्य फुकट आणि डाळ बाजारभावाने, अशी किमतींची रचना ठेवल्यावर लोक पोळी-भातावर पोट भरतात, तर ते बाजाराच्या नियमाप्रमाणेच वागत असतात. पौष्टिक तृणधान्यांचा गौरव झाला, पण रेशनच्या पिशवीत गहू-तांदूळच असेल आणि मालदांडी ज्वारी बाजारात गव्हाहून चढ्या भावाने घ्यावी लागत असेल, तर गौरवाला काय अर्थ उरतो?

शाळांतील पोषण आहाराचेही तेच. प्राथमिक वर्गातील मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला १५० आणि ३०, असे प्रमाण ठरले आहे. म्हणजे पाचास एक. शासनाच्याच संस्थेने २०२४ मध्ये तिनास एक सांगितले. तेव्हा हा फरक कधी भरून निघणार, हे विचारणे गैर नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय आहारात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, देण्याचे ठरविले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविण्यात आला आणि ज्या शाळांना हवे असेल त्यांनी लोकसहभागातून सोय करावी, असे सांगण्यात आले. ज्या गावात लोकवर्गणी जमू शकते तेथील मुलांना त्या अंड्याची गरज तुलनेने कमी, आणि जेथे गरज अधिक तेथे वर्गणी जमणे अवघड, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तीन प्रश्न

यापुढेही सल्ले बदलणार, आणि ते बदलावेतही. नव्या पुराव्यानंतर जुनेच सांगत राहणे हे शास्त्राचे लक्षण नव्हे. मात्र प्रत्येक नव्या सल्ल्याला वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. हा कोणासाठी आहे : वाढत्या मुलासाठी, राबणाऱ्या मजुरासाठी, की खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी? हा पदार्थ आणावयाचा तर कशाच्या जागी आणावयाचा, कारण ताट आणि पगार दोन्ही मर्यादित आहेत? आणि हे ऐकून कोणाची विक्री वाढणार आहे? एखाद्याच जीवनसत्त्वाचा, एखाद्याच तेलाचा, एखाद्याच परदेशी धान्याचा महिमा सांगणारे सल्ले या तिसऱ्या प्रश्नापाशी सहसा अडखळतात. धान्याबरोबर डाळ, रोज भाजी, परवडेल तितके दूध-फळ आणि बेताचे तेल-मीठ-साखर, हा चौरस आहाराचा पाया मात्र तिन्ही प्रश्नांना पुरून उरतो.

शिक्षकांनी वर्गात हाच हिशेब मुलांकडून करून घ्यावा : घरात महिन्याला डाळ किती येते, बिस्किटे किती येतात आणि सर्वांत शेवटी कोण जेवते. पोषणाचा धडा पाठ करण्यापेक्षा त्यातून मुले अधिक शिकतील. आणि ज्यांच्या घरी डाळच येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर त्याचे उत्तर शिक्षकाने एकट्याने देण्याचे कारण नाही. ते विधिमंडळाला आणि संसदेला द्यावे लागेल.